दिवस प्रवाशांचा, रात्र मालगाडीची

रेल्वेचे फाटक पडले की घाईत असलेल्या माणसाचा जीव खालीवर होतो, लहान मुलांना मात्र आनंद होतो. बेळगावच्या टिळकवाडीत पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गेटवर ज्यांनी सायकलीचा एक पाय जमिनीला टेकवून उभे राहायची सवय केली, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पॅसेंजर असेल तर दोन मिनिटांत सुटका. पण ‘गूड्स बंतु नोडु’ असे शेजारचा म्हणाला की गाडीचे इंजिन बंद करायचे, भाजीची पिशवी खाली ठेवायची आणि पोरांनी मोठ्याने वाघिणी मोजायच्या. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस...

गाडीत बसलेल्यांचा अनुभव याच्या उलट. एकेरी मार्गाच्या दिवसांत मिरज किंवा हुबळीला निघालेली पॅसेंजर एखाद्या आडस्टेशनात अर्धा-अर्धा तास उभी राही. कुणीतरी खाली उतरून चौकशी करून येई आणि सांगे, ‘क्रॉसिंग आहे, समोरून मालगाडी येतेय.’ मग डब्यात ठरलेली चर्चा सुरू होई. कोळसा महत्त्वाचा की माणूस? माणसांनी थांबायचे आणि सिमेंटने पुढे जायचे, हा कुठला न्याय?

प्रश्न रागाने विचारलेला असला तरी खोटा नाही. रूळ एकच, त्यावर हक्क सांगणारे दोन. एकाला ठरल्या वेळेला कामावर पोहोचायचे आहे, दुसऱ्याला माल बंदरात किंवा कारखान्यात न्यायचा आहे. जगातल्या अनेक शहरांना हा प्रश्न पडला आहे. त्यांनी तो कसा सोडवला, कुठे चुकले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे आपणही समजून घ्यावे अशी वेळ आता आली आहे.

विहिरीची पाळी

आपल्या भागात ज्यांचे शेत भावकीत वाटले गेले आहे, त्यांना हा विषय लगेच कळेल. जमिनीचे चार तुकडे करता येतात, विहिरीचे करता येत नाहीत. म्हणून वाटणीपत्रात पाळी लिहितात. अमुक वार थोरल्याचा, अमुक वार धाकट्याचा. मग रात्रीची थ्री-फेज वीज आली की ज्याची पाळी तो बॅटरी घेऊन रानात जातो. पाळी लिहिलेली असेल आणि दोघे ती पाळत असतील, तर एका विहिरीवर दोन्ही घरांचा ऊस उभा राहतो. लिहिलेली नसेल, तर एका मोटारीवरून दोन पिढ्या कोर्टात जातात.

शहरातला रेल्वेमार्ग म्हणजे अशीच सामायिक विहीर आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो मुख्यतः मालासाठी टाकला गेला. त्या वेळी बाजूला माळरान होते. पुढे शहर वाढले आणि रुळांना चिकटून वस्त्या, शाळा, कारखाने उभे राहिले. आज शहराला लोकल गाडी हवी असेल तर नवा मार्ग कुठून काढणार? घरे पाडावी लागतात, जमिनी घ्याव्या लागतात. बेळगाव-कित्तूर-धारवाड या नव्या मार्गाचा विषय निघाला तेव्हा सुपीक जमीन जाणार म्हणून शेतकऱ्यांनी केलेला विरोध आपण जवळून पाहिला आहे. मग सोपा वाटणारा मार्ग उरतो तो हा, की आहे त्याच रुळावर मालगाडीबरोबर शहराची गाडीही चालवायची.

आपल्याकडे रूळही रेल्वेचे आणि दोन्ही गाड्याही रेल्वेच्याच. अमेरिकेत तसे नाही. तिथे बहुतेक रूळ युनियन पॅसिफिक, बीएनएसएफ, सीएसएक्स, नॉरफोक सदर्न अशा खासगी मालवाहू कंपन्यांच्या मालकीचे आहेत. प्रवासी वाहतूक तोट्यात जाऊ लागल्यावर या कंपन्यांना ती नकोशी झाली आणि १९७१ मध्ये लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांसाठी ‘अॅमट्रॅक’ ही वेगळी संस्था निघाली. त्यामुळे तिथल्या एखाद्या शहराच्या परिवहन मंडळाला लोकल सुरू करायची असेल, तर आधी मालगाडीवाल्याच्या दारात जावे लागते. दोघांचे हिशेब वेगळे, स्वभाव वेगळे. तरीही काही ठिकाणी संसार जमला. त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट सॅन दिएगोची आहे.

साखरसम्राटाची रेल्वे

सॅन दिएगो हे अमेरिकेच्या नैर्ऋत्य टोकाचे शहर, आपल्यासारखेच सीमेवरचे. पलीकडे मेक्सिकोचे तिहुआना. रोज हजारो माणसे कामासाठी, शाळेसाठी, नातेवाइकांसाठी सीमा ओलांडतात. एका घरात दोन भाषा बोलल्या जातात. घरातले बोलणे स्पॅनिशमध्ये, ऑफिसातले इंग्रजीत. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांना तिथे फारसे परके वाटू नये.

या शहरातून पूर्वेकडे रेल्वे नेण्याचा ध्यास जॉन स्प्रेकल्स या धनिकाने घेतला. त्याचे वडील क्लाउस स्प्रेकल्स हे त्या काळातले मोठे साखरसम्राट होते. हा शब्द आपल्या ऊसपट्ट्यात समजावून सांगायची गरज नाही! डोंगर, दऱ्या आणि वाळवंट पार करणाऱ्या या मार्गाचा काही भाग मेक्सिकोतून जातो. काम इतके अवघड होते की लोक त्याला ‘अशक्य रेल्वे’ म्हणत. १९०७ मध्ये सुरू झालेला मार्ग १९१९ च्या नोव्हेंबरात पुरा झाला. पुढे १९३३ मध्ये तो सदर्न पॅसिफिक कंपनीकडे गेला आणि ‘सॅन दिएगो अँड अॅरिझोना ईस्टर्न’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

सप्टेंबर १९७६ मध्ये कॅथलीन नावाचे वादळ आले. वाळवंटातला बराच मार्ग वाहून गेला. दुरुस्तीचा खर्च पाहून कंपनीने हात वर केले आणि मार्ग बंद करण्याची परवानगी मागितली. अशी परवानगी देणाऱ्या केंद्रीय आयोगाने ती नाकारली. कंपनीला रेल्वे चालवायची नव्हती आणि बंदही करता येत नव्हती.

नेमक्या त्याच काळात सॅन दिएगो शहर लोकल गाडीच्या शोधात होते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोलवरच विसंबून राहणे किती महागात पडते हे अमेरिकेला कळले होते. राज्याच्या सिनेटमधले सॅन दिएगोचे प्रतिनिधी जेम्स मिल्स यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये शहरासाठी वेगळे परिवहन विकास मंडळ स्थापण्याचा कायदा झाला होता. मंडळाला मार्ग हवा होता, कंपनीला मार्ग नको होता. १९७९ मध्ये मंडळाने ही रेल्वे १ कोटी ८१ लाख डॉलरला विकत घेतली.

मात्र एक अट होती. मालगाडी बंद करायची नाही. या रुळांवर अवलंबून असलेले कारखाने आणि मेक्सिकोकडे जाणारा माल यांना वाऱ्यावर सोडायचे नाही. म्हणजे विहीर मिळाली, पण थोरल्याच्या पाळीसकट!

पाळी कशी ठरली?

२६ जुलै १९८१ रोजी सॅन दिएगोची तांबडी ट्रॉली सुरू झाली. शहराच्या मध्यापासून सॅन इसिद्रोपर्यंत, अगदी मेक्सिकोच्या सीमेपर्यंत. अंतर सुमारे २५ किलोमीटर, डबे १४, जर्मन बनावटीचे. एकूण खर्च सुमारे ८ कोटी ६० लाख डॉलर आणि तोही केंद्र सरकारची मदत न घेता. जुन्या ट्राम बहुतेक शहरांतून उखडल्या गेल्यानंतर अमेरिकेत नव्याने सुरू झालेली ही पहिली हलकी शहरी रेल्वे. खर्च आटोक्यात राहिला, कारण जमीन आणि मार्ग आधीपासून होते.

वाटणी अशी झाली. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत रूळ ट्रॉलीचे. शेवटची ट्रॉली कारशेडमध्ये गेली की रूळ मालगाडीचे. मालगाडी रात्रीच्या त्या थोड्या तासांत वाघिणी सोडते, उचलते आणि पहाटेच्या पहिल्या ट्रॉलीआधी मार्ग मोकळा करते. १९८४ पासून हे काम सॅन दिएगो अँड इम्पीरियल व्हॅली ही छोटी मालवाहू कंपनी करत आली आहे. रुळांची मालकी शहराच्या मंडळाकडे आणि माल वाहण्याचा हक्क कंपनीकडे. दोन्ही कागदावर.

रात्र आणि दिवस असे काटेकोर भाग पाडण्याचे कारण साधे आहे. भरलेल्या एका अमेरिकी वाघिणीचे वजन शंभर टनांच्या वर जाते. ट्रॉलीचा रिकामा डबा तीस टनांच्या आसपास. चुकून समोरासमोर आले, तर काय होईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. अमेरिकेतल्या नियमानुसार मोठ्या रेल्वेमार्गावर धावणाऱ्या प्रवासी डब्याने टोकाकडून येणारा सुमारे ३६० टनांचा दाब न मोडता सहन केला पाहिजे. ट्रॉलीचे हलके डबे त्यात बसत नाहीत. मग उपाय एकच, दोघांची भेटच होऊ द्यायची नाही. अमेरिकेच्या रेल्वे आणि परिवहन खात्यांनी २००० मध्ये अशा सामायिक मार्गांविषयी संयुक्त धोरण जाहीर केले. त्यातही वेळेची विभागणी हा सुरक्षिततेचा मुख्य आधार मानला गेला. पण सॅन दिएगोत हा प्रयोग त्याआधी जवळजवळ वीस वर्षे चालू होता.

छोट्या गोष्टींतही दोघांचा विचार करावा लागतो. विजेची तार इतकी उंच बांधायची की खालून उंच वाघीण गेली पाहिजे. वाघीण ट्रॉलीपेक्षा रुंद असते, म्हणून फलाट रुळाला खेटून उंच बांधता येत नाही. सॅन दिएगोने सुरुवातीला फलाट बुटका ठेवला आणि डब्याला पायऱ्या केल्या. एका चुलीवर दोन घरचा स्वयंपाक करायचा तर तवाही दोघांना चालेल असाच घ्यावा लागतो.

पाळीची किंमत

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण पाळी म्हटली की कुणाचे तरी काही तास जातात, आणि ते नेमके कुणाचे जातात हा खरा प्रश्न आहे.

न्यू जर्सी राज्यात कॅमडेन आणि ट्रेंटन या शहरांदरम्यान मार्च २००४ मध्ये ‘रिव्हर लाइन’ सुरू झाली. सुमारे ५५ किलोमीटरचा हा मार्ग आधी कॉनरेल या मालवाहू कंपनीचा. इथेही तोच करार, दिवसा हलकी प्रवासी गाडी आणि रात्री मालगाडी. पण इथे मालगाडीला रात्र लवकर हवी होती. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत शनिवार सोडला तर मार्गाच्या मोठ्या भागावर रात्री दहाच्या सुमारास प्रवासी गाड्या थांबत. दिवसपाळीच्या कारकुनाला याने फरक पडत नाही. पण हॉटेलात भांडी घासणाऱ्याला, दवाखान्यात दुसऱ्या पाळीवर असलेल्या नर्सला, गोदामात रात्री अकराला सुटणाऱ्याला पडतो. ज्यांच्याकडे मोटार नाही अशांसाठी रेल्वे आणायची आणि त्यांच्या सुटण्याच्या वेळेलाच ती बंद, असा हा पेच.

मालगाडीवाल्याचीही बाजू आहे. दिवसा मार्ग बंद म्हटल्यावर कारखानदाराने वाघीण रात्रीच घ्यायची, रात्रीचे कामगार ठेवायचे आणि वाढीव मजुरी द्यायची. एका रात्री काम अपुरे राहिले, तर पुढच्या रात्रीची वाट पाहायची. ज्या मार्गावर दिवसाला दोन-चार वाघिणींचे काम आहे तिथे हे जमते. ज्या मार्गावर दर अर्ध्या तासाला मालगाडी आहे तिथे रात्र पुरत नाही. तिथे दोघांना दिवसाउजेडी एकत्र चालावे लागते.

एक लाल सिग्नल

लॉस एंजेलिस परिसरातल्या सरकारी परिवहन संस्थांनी १९९० च्या सुमारास मालवाहू कंपन्यांकडून बरेच मार्ग विकत घेतले आणि १९९२ मध्ये ‘मेट्रोलिंक’ ही लोकल सुरू केली. विक्री करताना कंपन्यांनी माल नेण्याचा आपला हक्क राखून ठेवला. इथे दिवस-रात्रीची पाळी नव्हती. प्रवासी गाड्या जड बांधणीच्या होत्या आणि दोघांना वेगळे ठेवण्याचे काम सिग्नलवर सोपवलेले होते.

१२ सप्टेंबर २००८. चॅट्सवर्थजवळचा एकेरी मार्ग. कामावरून घरी निघालेल्या माणसांनी भरलेली मेट्रोलिंकची गाडी लाल सिग्नल ओलांडून पुढे गेली आणि समोरून येणाऱ्या युनियन पॅसिफिकच्या मालगाडीवर आदळली. २५ माणसे गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. प्रवासी गाडीचा चालक त्या वेळी मोबाइलवर संदेश पाठवत होता, असे चौकशीत निष्पन्न झाले. चालकही अपघातात गेला.

चूक एका माणसाची होती. पण एका माणसाच्या क्षणभराच्या चुकीवर दोनशेहून अधिक जीव टांगून ठेवणारी व्यवस्था कुणाची होती? सिग्नल चुकला तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा हवी, हे जाणकार कित्येक वर्षे सांगत होते. खर्च कुणी करायचा, यावर घोडे अडले होते. चॅट्सवर्थनंतर महिनाभरात अमेरिकेत रेल्वे सुरक्षेचा नवा कायदा झाला आणि प्रवासी गाड्या जिथे धावतात अशा मुख्य मार्गांवर स्वयंचलित थांबवण्याची यंत्रणा सक्तीची झाली. मुदत २०१५ अखेरची होती. ती वाढत गेली आणि काम पूर्ण व्हायला २०२० उजाडले. आपल्याकडे ‘कवच’ ही देशी यंत्रणा त्याच उद्देशाने बनवली गेली आणि २०२० मध्ये राष्ट्रीय पातळीवर स्वीकारली गेली. ती किती किलोमीटरवर बसली, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक तिकीटधारकाला आहे.

दिवसाउजेडी एकत्र चालण्याचा चांगला नमुना जर्मनीत आहे. कार्ल्सरूह शहराची ट्राम सप्टेंबर १९९२ पासून गावातल्या रस्त्यावरून निघून थेट मुख्य रेल्वेमार्गावर चढते आणि ब्रेटन गावापर्यंत जाते. शहरात तिला ट्रामची ७५० व्होल्टची वीज लागते, बाहेर रेल्वेची १५ हजार व्होल्टची. डबा दोन्हीवर चालतो. बाजूने मोठ्या रेल्वेच्या गाड्या जात असतात. तिथली भिस्त डब्याच्या जाडीवर नसून टक्कर मुळातच होऊ न देणाऱ्या सिग्नलवर आणि ट्रामच्या जोरदार ब्रेकवर आहे. बाहेरगावच्या माणसाला स्टेशनवर उतरून दुसरी गाडी धरावी लागत नाही, तो थेट बाजारपेठेत उतरतो.

तिसरा मार्ग सरळ वाटणीचा. व्हर्जिनिया राज्याने २०१९ मध्ये सीएसएक्स कंपनीशी ३७० कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. वॉशिंग्टन आणि रिचमंड यांच्यामधल्या मार्गाची निम्मी जागा राज्याने विकत घ्यायची, पोटोमॅक नदीवर प्रवासी गाड्यांसाठी वेगळा पूल बांधायचा आणि हळूहळू माल एका बाजूला, माणसे दुसऱ्या बाजूला करायची. महाग काम आहे आणि वर्षानुवर्षे चालणारे. पण रोजची भांडणे भागवण्यापेक्षा एकदा भिंत घातलेली बरी, असा विचार त्यामागे आहे.

कमावता भाऊ

आता आपल्या घरात येऊ. भारतात मालक एकच, म्हणून भांडण मिटले असे होत नाही. ते फक्त घरातल्या घरात चालते. रेल्वेच्या उत्पन्नाचा सुमारे दोन तृतीयांश भाग मालवाहतुकीतून येतो. प्रवासी तिकिटातून प्रवासाचा खर्चही भरून निघत नाही, तो मालाच्या भाड्यातून भरला जातो. म्हणजे आडस्टेशनात आपली पॅसेंजर थांबवून पुढे जाणारी ती मालगाडी हा घरातला कमावता भाऊ आहे. आपल्या स्वस्त तिकिटातला काही हिस्सा त्याच्या खिशातून येतो. राग कमी होणार नाही, पण हिशेब माहीत असावा.

मुंबईत गर्दीच्या वेळी मालगाड्यांना लोकलच्या मार्गावर मज्जाव असतो. १९९९ मध्ये रेल्वे आणि महाराष्ट्र सरकार यांनी मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ काढले. त्यानंतर जे मोठे काम हाती घेतले गेले ते मुख्यतः लोकल आणि लांबच्या गाड्यांना वेगळे करण्याचे. ठाणे-दिवा दरम्यानचे पाचवे आणि सहावे रूळ २०२२ च्या फेब्रुवारीत खुले झाले, ते त्याच धोरणाचा भाग. दिवा-वसई मार्गावर मात्र आजही मालगाड्यांचा राबता मोठा आणि प्रवासी गाड्या मोजक्या. तिथले प्रवासी जास्त गाड्या मागतात तेव्हा उत्तर तेच मिळते, मार्ग मोकळा नाही. दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर हा सुमारे १,५०० किलोमीटरचा मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आखला गेला, तो या कोंडीवरचा मोठा उपाय म्हणूनच.

हैदराबादने दुसरी वाट धरली. राज्य सरकार आणि दक्षिण मध्य रेल्वे यांनी मिळून ऑगस्ट २००३ मध्ये एमएमटीएस ही लोकल सुरू केली. नवे रूळ फारसे न टाकता, आहे त्याच मार्गावर. खर्च निम्मा-निम्मा. स्वस्त आणि झटपट काम झाले. पण पाळीचा प्रश्न राहिलाच. एक्सप्रेस आणि मालगाड्या आधी, लोकल नंतर. वेळापत्रकातली गाडी हमखास वेळेवर येत नसेल, तर नोकरदार माणूस चार दिवस वाट पाहतो आणि पाचव्या दिवशी स्कूटर काढतो. दुसऱ्या टप्प्यात मौला अली-सनतनगर हा मुख्यतः मालगाड्यांसाठी असलेला बाह्य मार्ग प्रवाशांसाठी तयार करण्यात आला आणि मार्च २०२४ मध्ये त्यावरून लोकल धावली. पण गाड्या किती सोडायच्या हा प्रश्न पुन्हा तिथेच येतो.

चार फुलांची गाडी

बेंगळूरचा विषय तर आपल्या प्रत्येक घराचा. कुणाचा मुलगा व्हाइटफील्डला, कुणाची सून इलेक्ट्रॉनिक सिटीत. तिथे उपनगरी रेल्वेसाठी राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांची ‘के-राइड’ ही संयुक्त कंपनी आहे. २०२० मध्ये केंद्राची मंजुरी आणि जून २०२२ मध्ये पायाभरणी झाली. एकूण १४८ किलोमीटर, चार मार्ग, अंदाजे खर्च १५,७६७ कोटी रुपये. मार्गांना फुलांची नावे दिली आहेत: संपिगे, मल्लिगे, पारिजात आणि कनक. आपल्या घरात लगेच भाषांतर सुरू होईल. संपिगे म्हणजे सोनचाफा, मल्लिगे म्हणजे मोगरा, पारिजात दोन्हीकडे एकच आणि कनकांबर म्हणजे आपली अबोली.

नावे गोड आहेत, पण खरी महत्त्वाची गोष्ट वेगळी. बेंगळूरने हैदराबादचा अनुभव पाहून, बरीच वर्षे चर्चा करून, जुन्या रुळांवर पाळी मागायची नाही असे ठरवले. रेल्वेच्या जागेतून, जुन्या मार्गाच्या शेजारून, पण लोकलचे रूळ स्वतंत्र. खर्च अनेक पटींनी वाढला आणि कामही बरेच लांबले. त्यामुळे तोवर आहे त्या मार्गावर जास्त गाड्या का सोडत नाही, असा सवाल तिथले प्रवासी विचारतात आणि तो रास्त आहे. झटपट आणि स्वस्त हवे असेल तर पाळी, भरवशाचे हवे असेल तर स्वतंत्र रूळ. दोन्ही एकदम कुणालाच मिळालेले नाही.

आपण काय विचारावे?

हुबळी-धारवाड-बेळगाव पट्ट्यात माणसे रोज कामाला, कॉलेजला, दवाखान्याला ये-जा करतात. या टापूत लोकलसारख्या गाड्यांची मागणी वाढत जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा नुसती ‘गाडी द्या’ ही मागणी पुरणार नाही. आधी तीन गोष्टी विचाराव्यात.

पहिली, पाळी कुठे लिहिली आहे? सॅन दिएगोत ती करारात होती, म्हणून चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली. साहेबांच्या तोंडी आश्वासनावर सुरू झालेली गाडी साहेबांच्या बदलीबरोबर उशिरा धावू लागते.

दुसरी, चूक झाली तर गाडी कोण थांबवणार? माणूस की यंत्र? चॅट्सवर्थच्या २५ कुटुंबांनी या प्रश्नाचे उत्तर फार महाग घेतले आहे.

तिसरी, शेवटची गाडी किती वाजता? वेळापत्रकातली पहिली गाडी उद्घाटनासाठी असते. शेवटच्या गाडीवरून कळते, ती कुणासाठी काढली आहे.

बेंगळूरच्या बसमध्ये ‘स्वल्प अॅडजस्ट माडी’ असे म्हटले की बाकावरची माणसे हसून सरकतात. आपणही दोन भाषांत जगताना हेच करत आलो. मराठीत त्याला जुळवून घेणे म्हणतात, कन्नडमध्ये होंदाणिके. पण प्रत्येक वेळी एकच जण सरकत राहिला, तर शेवटी तो बाकावरून खाली पडतो. दोघांनी थोडे थोडे सरकायचे, किती ते आधी ठरवायचे आणि ठरले ते पाळायचे, हे घरात जसे खरे तसे रुळांवरही.

पुढच्या वेळी फाटक पडेल तेव्हा मुलांना वाघिणी मोजू द्या. मोजून झाल्यावर त्यांना एवढे जरूर सांगा, की या मालगाडीला वाट देण्यासाठी मागच्या स्टेशनात कदाचित एक पॅसेंजर उभी आहे आणि तिच्यातही कुणाची तरी आई घरी पोहोचायची वाट पाहत बसली आहे.